मागून वाजलेला हॉर्न

आबांनी सिग्नल तोडल्याचा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसात डबा उघडून बसले होते. आधी वाटलं, कुणीतरी फसवायला बसलंय. हल्ली असल्या लिंकवर बोट ठेवलं की खातं साफ होतं. म्हणून लिंकला हात न लावता मी ॲपवर जाऊन गाडीचा नंबर टाकला. चलान खरं निघालं. फोटोत माझी निळी स्कूटर होती, तुर्भ्याचा चौक होता, आणि स्कूटरवर ताठ पाठीने बसलेले माझे सासरे होते. पायाशी भाजीची पिशवी, डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटचा पट्टासुद्धा नीट लावलेला. मी डबा बाजूला सारला.

कारण आबा आणि सिग्नल तोडणं हे एका वाक्यात बसणारं नव्हतं. साताऱ्याकडचं गाव सोडून आबा इकडे आले ते बसचे ड्रायव्हर म्हणून, आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी दुसरं काही केलं नाही. आमच्या हॉलमध्ये देवाच्या फोटोशेजारी त्यांचं विनाअपघात सेवेचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलंय. घरी येणाऱ्याला चहाच्या आधी ते वाचावं लागतं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा माझा स्वयंपाक कुणी तपासला नाही, पण आबांनी मला स्कूटर चालवून दाखवायला लावली होती आणि इंडिकेटर उशिरा दिला म्हणून अख्ख्या सोसायटीसमोर झापलं होतं. पिवळा दिवा दिसला की माझ्या नवऱ्याला मागून ओरडायचे, "थांब की लेका, कुठं आग लागलीया?"

स्कूटर माझ्या नावावर, पण पहिल्या वर्षातच ती त्यांची होऊन गेली. सीवूड्सला आमचं घर स्टेशनपासून चालत जाण्याएवढं, त्यामुळे मला गाडीची गरज उरली नाही. आबा सकाळी माझ्या मुलीला शाळेत सोडत आणि तिथून थेट एपीएमसीला जात. आमच्या विंगमधल्या बायका आदल्या संध्याकाळी त्यांना सांगून ठेवायच्या, कुणाला कांदे, कुणाला मटार. मार्केटातले हमाल, अडते, चहावाला, सगळे आबांच्या ओळखीचे. निवृत्तीनंतर माणसं खुर्चीला चिकटतात. आमचे आबा मात्र दुपारी घरी येईपर्यंत सापडत नसत.

बसची एक सवय त्यांची सुटली नव्हती. मागे बसलेल्याने पाठीवर दोनदा थाप दिल्याशिवाय आबा स्कूटर हलवत नसत. कंडक्टरची डबल बेल म्हणे. सासूबाई पदर खोचून मागे बसायच्या, पाठीवर दोनदा थाप, आणि गाडी सुटायची. सिग्नलला थांबले तरी तोच प्रकार. नंतर माझ्या मुलीनेही ते उचललं. मला हे इतकं गोड वाटायचं की एकदा मी गेटवर उभी राहून त्याचा व्हिडिओ काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हसरे चेहरे पाठवले.

पहिल्या चलानवर आबा म्हणाले, कॅमेरा खुळा हाय. नवरा म्हणाला, भरून टाक आणि विषय संपव. तो कंपनीतल्या शिफ्टमधून आलेला, त्याला झोपेपुढे काही सुचत नव्हतं. पण थोड्या दिवसांनी दुसरं चलान आलं, मग तिसरं. चौक तोच, सकाळची वेळ तीच. ऑफिसातल्या एकाने सांगितलं, असं वारंवार झालं तर लायसन्स जाऊ शकतं. हे मी घरी बोलले मात्र, आबा ताटावरून उठले. ते जेवण टाकून उठल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग मी ठरवलं, ट्रॅफिक चौकीवर जायचं आणि बोलायचं. बोलण्याला मी घाबरत नाही. बँकेच्या मॅनेजरपासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांशी भांडून झालंय माझं. एका सज्जन म्हाताऱ्या माणसासाठी थोडी दया मागायची, एवढंच तर होतं. विरोध केला तो सासूबाईंनी. "कशाला जातीयास हितं-तितं? भरून टाक गं. म्या देते माझ्यातलं." कोथिंबिरीच्या जुडीसाठी अर्धा तास घालणारी ही बाई आपणहून पैसे काढून देते म्हणाली, तेव्हाच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. मला वाटलं, पोलिसांना घाबरतात.

शनिवारी मला सुट्टी होती. आबा मुलीला शाळेत सोडून तसेच चौकीवर आले. मी रिक्षाने पोचले, मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळलेली फ्रेम. आबा दारातच उभे होते, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, दाढी घोटून. मुलगी बघायला आल्यासारखे दिसत होते, असं मी त्यांना म्हटलंसुद्धा. ते हसले नाहीत.

आत टेबलापलीकडे वर्दीतली एक तरुण बाई होती. तिने आबांना खुर्ची दिली आणि मी माझं भाषण सुरू केलं. उभ्या आयुष्यात एक ओरखडा नाही. कधी दारू नाही, मोबाइल नाही, वेग नाही. रोज हजारो माणसं सुखरूप घरी पोचवली. या वयात लायसन्सवर डाग लागला तर माणूस खचेल. बोलता बोलता मी टॉवेल सोडून फ्रेम टेबलावर उभी केली. बाईने ती हातात घेऊन नीट वाचली.

"माझे मामा पण बसवर होते," ती म्हणाली. "मॅडम, चलान पडलं की आमी ते पुसू शकत नाही. पण लोक अदालतीत लावा. काकांचं वय आहे, रेकॉर्ड चांगला आहे, बरीच सूट मिळेल. लायसन्सचं मी साहेबांच्या कानावर घालते. विचार करून सांगते तुमाला. टेन्शन घेऊ नका."

काम झालं होतं. मी फ्रेम पुन्हा टॉवेलमध्ये गुंडाळायला घेतली, तर आबा म्हणाले, "मला सूट नगं."

मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी पाय बाजूला घेतला.

"सूट चुकल्याल्याला देत्यात, बाई. म्या सिग्नल तोडलाच न्हाई. तुमी बघा तरी एकदा."

तिच्या जागी मी असते तर हाकलून दिलं असतं. तिने कॉम्प्युटरवर शोधाशोध केली आणि पडदा आमच्याकडे वळवला. "बघा काका. तुमीच बघा."

सकाळचा चौक. रस्ता बऱ्यापैकी रिकामा. डावीकडून आबा येतात, वेग कमी करतात आणि झेब्रा पट्ट्यांच्या मागे अगदी मापात थांबतात. एक पाय जमिनीवर. "ह्ये बघा," आबा म्हणाले, "थांबलोय का न्हाई रेषेच्या मागं?" थांबले होतेच. चित्रात आवाज नव्हता. थोड्या वेळाने मागून एक टेम्पो येऊन त्यांच्या पाठीशी उभा राहिला. आणि लगेच आबांनी पाय उचलला, स्कूटर निघाली, सरळ चौकाच्या मधोमध. उजवीकडून येणारा एक ट्रक करकचून थांबला असावा, कारण तो पुढून जमिनीकडे वाकला आणि पुन्हा सरळ झाला. आबांनी त्याच्याकडे मानही वळवली नाही.

चित्राच्या वरच्या कोपऱ्यात सिग्नल होता. लाल. चांगला ठळक लाल. आबा येण्याआधीपासून ते निघून गेल्यानंतरपर्यंत लाल.

"बघितलंस?" आबा माझ्याकडे वळून म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचा आनंद होता. "सुटला तवाच निघालोय."

मला वाटलं ते थट्टा करतायत. मग वाटलं, हट्टाने बोलतायत. मी पुन्हा पडद्यावरच्या लाल दिव्याकडे पाहिलं. अधिकारी बाईने चित्र थांबवलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, किती वाजले बघा बरं." समोरच्या भिंतीवर, दाराच्या वर, ताटाएवढं घड्याळ होतं. आबांनी भिंतीकडे तोंड केलं. डोळे बारीक केले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "किती वाजलं गं पोरी?"

बाईने मला विचारलं, "काका इथपर्यंत गाडी घेऊन आलेत?"

"हो," मी म्हणाले, "आमच्या मुलीला शाळेत सोडून आले."

ते वाक्य बोलून झाल्यावर मला ऐकू आलं. माझंच वाक्य, माझ्याच आवाजात. सकाळी मी मुलीच्या वेण्या घालून, डबा हातात देऊन तिला त्यांच्या मागे बसवलं होतं. रोजच बसवत होते.

टेबलावर आबांच्या हेल्मेटशेजारी किल्ली होती. बाईने ती बोटाने माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "जाताना तुमी चालवा."

बाहेर आल्यावर आबा माझ्या मागे बसले. इतक्या वर्षांत ते माझ्या मागे बसण्याची ती पहिलीच वेळ. मी गाडी चालवत होते, पण डोक्यात तो ट्रक वाकत होता आणि सरळ होत होता. त्यांना दिसत नाही. किती दिवस दिसत नाही? सगळंच दिसत नाही की थोडं? मग गाडी इतकी नीट चालवतात कशी? तुर्भ्याकडचा एक सिग्नल लाल झाला म्हणून मी थांबले. मागे एक टेम्पो येऊन उभा राहिला आणि त्याने हॉर्न दिला. त्याबरोबर माझ्या पाठीवर दोनदा थाप पडली.

आणि मी निघाले. हे सांगताना अजून अंगावर काटा येतो, पण मी निघाले. वर बघितलं नाही. पाठीवर थाप पडली आणि हाताने आपोआप गाडी सोडली. स्कूटर रेषेच्या पुढे गेली तेवढ्यात समोरून एक कंटेनर लांबलचक हॉर्न वाजवत गेला. मी दोन्ही ब्रेक दाबले, गाडी कलंडली, पाय टेकवून कशीबशी सावरली. त्याच्या चाकांची गरम हवा माझ्या गुडघ्याला लागली. वर पाहिलं. सिग्नल लाल होता.

सिग्नल सुटल्यावर गाडी कडेला घेतली. "आबा, लाल होता," मी म्हणाले.

"मागनं हॉर्न वाजला की गं."

"म्हणून?"

"सुटल्याबिगर मागचा उगा कशाला वाजवंल?"

नवी मुंबईत, तुर्भ्याच्या चौकात उभा राहून हा माणूस मला हे विचारत होता. इथे सिग्नल लाल झाल्याबरोबर मागचे हॉर्न द्यायला लागतात. कुणाला घाई, कुणाला सवय. पण आबांनी जन्मात विनाकारण हॉर्न वाजवला नाही, त्यामुळे दुसरा कुणी तसा वाजवत असेल हे त्यांना पटतच नव्हतं. तिन्ही चलानांचा उलगडा झाला. मागून हॉर्न ऐकू आला की ते निघत होते.

"तुम्हाला दिवा दिसत नाही का हो?"

ते हेल्मेट काढून हातात धरून उभे राहिले. "म्होरचं समदं दिसतंय. रस्ता दिसतो, मान्सं दिसत्यात, खड्डा दिसतो. वरचं तेवढं धुरकाट झालंय." मग मलाच समजावल्यासारखं म्हणाले, "अगं, बसमदी मागं काय चाललंय ते ड्रायव्हरला कुठं दिसतंय? कोन चढतंय, कोन लोंबकळतंय. बेल वाजली की निघायचं. मागच्यावर इस्वास ठिवूनच गाडी हाकली जल्मभर."

मला राग आला होता, भयंकर राग. पण तो कुणावर काढायचा ते कळेना. मी फक्त म्हणाले, "बसा." आणि गाडी घराकडे घेतली. त्यांनी घरापर्यंत एकदाही थाप दिली नाही.

दार सासूबाईंनी उघडलं. त्यांनी आधी आबांकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या किल्लीकडे. "कळलं का?" त्या हळूच म्हणाल्या.

म्हणजे त्यांना माहीत होतं. आबा आत जाऊन पलंगावर बसले आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या राहिलो. सासूबाई ओट्याला टेकून सांगत होत्या. वर्ष होऊन गेलं होतं. आधी त्या मागे बसून वर बघायच्या आणि दिवा हिरवा झाला की थाप द्यायच्या. म्हणून तर मुलगी शाळेच्या बसने जायची तेव्हा त्या रोज मार्केटला बरोबर जायच्या, मला वाटायचं हौस आहे. मग त्यांचे गुडघे धरले आणि मागे बसणं जमेना. मुलीला शाळेत सोडल्यावर आबा एकटे पडायला लागले, ते हॉर्नवर चालवायला लागले.

"आणि माझी मुलगी?" मी विचारलं. "ती रोज मागे बसते, तेव्हा?"

"तिला शिकवलंय की म्या," सासूबाई म्हणाल्या. "हिरवा दिसल्याबिगर थाप द्यायची न्हाई, कुनी कितीबी बोंबलू दे. लई हुशार हाय पोरगी. एकदाबी चुकली न्हाई."

त्यांच्या आवाजात नातीचं कौतुक होतं. मी जमिनीवर बसले. चौथीतली मुलगी. तिच्या पाठीवर दप्तर, गळ्यात पाण्याची बाटली, आणि दोन माणसांचा जीव तिच्या तळहातात. आणि मी त्याचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला होता.

"त्येंच्या हातनं गाडी काढू नगंस," सासूबाई म्हणाल्या. "बसून ऱ्हानारा मानूस न्हाई त्यो. बसला की संपला." त्यांनी पदराने डोळे पुसले. मी एवढी संतापलेली नसते तर कदाचित त्यांचा हात धरला असता.

शाळा सुटायची वेळ झाली तेव्हा मी किल्ली घेऊन निघाले. आबा दाराशी येऊन उभे राहिले. एका हाताने चौकट धरली होती.

"उभ्या जल्मात एक ओरखडा न्हाई माझ्या हातनं," ते म्हणाले. "तूच सांगितलंस की मघाशी त्या बाईला. एक डाव माफ कर पोरी. डोळ्याला दाखवतो. पोरीला नगं बसवाया. म्या एकलाच मार्केटला जात जाईन, हळूहळू. एवढं नगं काढून घिऊस."

तेच शब्द, सकाळी मीच टेबलावर मांडलेले. ते मांडताना मला किती खरे वाटत होते. आणि खरेच होते ते, त्यातला एकही खोटा नव्हता. आबांनी आजवर माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. साधा चहासुद्धा ते सासूबाईंकडेच मागत. माझ्याच्याने होय म्हणवेना आणि नाही म्हणवेना.

"विचार करून सांगते," मी म्हणाले आणि जिना उतरले.

शाळेच्या गेटवर मुलगी मला बघून चकित झाली. "आबा कुठेत?" मी म्हटलं, घरी आहेत. ती मागे बसली. शाळेच्या पुढचाच सिग्नल लाल होता, मी थांबले. दुपारची गर्दी, उन्हाने लोक वैतागलेले. मागून एक हॉर्न वाजला. मग दुसरा. मग सगळेच वाजवायला लागले. माझी पाठ आक्रसून गेली. थाप पडली नाही. मी आरशात पाहिलं. माझी मुलगी मान वर करून सिग्नलकडे एकटक बघत होती. आरशात मला पोरीचा चेहरा दिसत नव्हता, एक पहारा दिसत होता. मागचा रिक्षावाला हॉर्नवरून हात काढत नव्हता आणि ती पापणीसुद्धा हलवत नव्हती.

"मागचे उगाच वाजवतात," ती मला धीर दिल्यासारखी म्हणाली. "आबांना पण मी हेच सांगते. ते घाबरतात."

दिवा हिरवा झाला. माझ्या पाठीवर त्या छोट्या हाताची दोनदा थाप पडली.

आबांना काय उत्तर द्यायचं ते मला तिथे कळलं. आजवर मी त्यांना कशालाही नाही म्हटलं नव्हतं, घरी जाऊन आता तेच म्हणायचं होतं. डोळ्यांतलं पाणी हेल्मेटच्या काचेच्या आत साचत होतं आणि हाताला गाडी सोडायचं बळ येत नव्हतं. मागचे सगळे ओरडत होते.

"आई, सुटलाय," ती म्हणाली आणि पुन्हा दोनदा थाप दिली, या वेळी जरा जोरात.